जपणाऱ्यांचा खानदेश

(जळगाव येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



‘आपली श्रद्धास्थाने’ हा आजचा विषय. थोरांची नावे आपल्याला मुखोद्गत असतात. जयंतीला प्रतिमेस हार घातला जातो, पुण्यतिथीला चार शब्द बोलले जातात. त्यात गैर काही नाही. परंतु ज्यांच्याविषयी आदर वाटतो, त्यांचे आपण काय जपले, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारला पाहिजे. खानदेशने त्याचे उत्तर वेळोवेळी कृतीने दिले आहे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचेच उदाहरण घ्या. जुन्या दप्तरांच्या शोधात त्यांनी गावोगाव पायपीट केली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचे २२ खंड सिद्ध केले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे देहावसान झाले. मागे संसार नव्हता; होते ते कागदांचे गठ्ठे. धुळेकर केवळ शोक करून थांबले नाहीत. १९२७ मध्ये त्यांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले आणि तो ठेवा सांभाळला. याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठामठांतून समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते गोळा केली. समर्थ वाग्देवता मंदिर त्या परिश्रमांची साक्ष देते.

पुढे १९३२ साली धुळ्याच्याच तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. अठरा अध्याय, अठरा प्रवचने. ती शब्दशः टिपून घेतली साने गुरुजींनी. अमळनेरच्या शाळेत विद्यार्थ्यांचे दैवत झालेला हा शिक्षक तेथे निव्वळ लेखनिक होऊन बसला. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आज देशातील अनेक भाषांत वाचला जातो, त्यामागे त्या टिपणाऱ्या हाताची निष्ठा आहे. थोराने थोरासमोर श्रोता व्हावे, यापरता आदर कोणता?

आणि आपल्या बहिणाबाई! जन्म १८८० चा, येथून जवळच असलेल्या आसोद्याचा. अक्षरओळख नाही, तरुणपणीच वैधव्य, शेतातले आणि घरातले अखंड कष्ट. जात्यावर, शेतात काम करताना सुचेल ते त्या गात. पुत्र सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी ती गाणी वेळोवेळी उतरवून घेतली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या, आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रकाशित झाली. ती गाणी कोणी कागदावर उतरवली नसती, तर बहिणाबाईंच्या आवाजाबरोबरच विरून गेली असती. २०१८ साली आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. तथापि त्या सन्मानाचा पाया मुलाच्या वहीत घातला गेला होता, हे विसरता कामा नये.

आता आपल्यात वावरणाऱ्या एका व्यक्तीविषयी. साक्री तालुक्यातील बारीपाडा हा वनवासी पाडा. जंगल तुटले होते, झरे आटले होते, पाण्यासाठी भगिनींची वणवण चालली होती. गावचा तरुण चैत्राम पवार वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेऊनही गावातच राहिला. वनवासी कल्याण आश्रमाची साथ लाभली. गावाने एकत्र बसून नियम केले : कुऱ्हाड चालवायची नाही, मोकाट गुरे सोडायची नाहीत, नियम मोडणाऱ्याला दंड. पाळीपाळीने राखण झाली, बांध घातले गेले. आज चारशे हेक्टरांहून अधिक वन तेथे उभे आहे आणि विहिरींना पाणी आहे. २०२५ मध्ये चैत्रामभाऊंना पद्मश्री जाहीर झाली. पण पाळीवर जागणारा प्रत्येक गावकरी त्या सन्मानाचा वाटेकरी आहे.

बंधू-भगिनींनो, दप्तर, प्रवचन, ओवी आणि वन. वस्तू चार, वृत्ती एकच. आपल्या घरातही असे काही असेलच. पोटमाळ्यावर पणजोबांच्या वह्या असतील. आजीच्या तोंडी अहिराणीतल्या, लेवा बोलीतल्या ओव्या असतील. नातवंडांना आता ती बोली समजेनाशी झाली आहे, आणि आजी कायमची आपल्यात राहणार नाही. म्हणून माझी एवढीच विनंती आहे : घरी गेल्यावर एक कोरी वही घ्या, सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीजवळ बसा आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या. हे काम पुढच्या जयंतीपर्यंत लांबवू नका.