माडांच्या देशांतलं गोडधोड

श्रोते हो, पाकशास्त्र शिकणारी मुलगी रेडिओवर बोलणार म्हटलं, की आता केक-बिस्किटांची माहिती ऐकायला मिळणार, असं आपल्याला वाटलं असेल. आमच्या अभ्यासात ते सारं आहेच. फ्रेंच पद्धतीचे रस्से, लोण्याचे पापुद्रे, साईचे थर यांतच पुष्कळ दिवस जातात. पण मला वेड लावलं ते निराळ्याच स्वयंपाकघरांनी. थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया आणि आपला जुना ब्रह्मदेश म्हणजे आजचा म्यानमार, या आग्नेय आशियातल्या देशांच्या स्वयंपाकाविषयी मी आज बोलणार आहे.

शिक्षकबंधूंनी वर्गातला नकाशा घ्यावा, रत्नागिरीवर बोट ठेवावं आणि सरळ पूर्वेकडे सरकवावं. बंगालचा उपसागर ओलांडला की जवळजवळ त्याच रेषेवर रंगून, आजचं यांगून, लागतं. थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून काढलं, पुढे रत्नागिरीस आणून ठेवलं आणि १९१६ साली तो तिथेच वारला, हे मुलांना ठाऊक असतं. पण अक्षांश एक, मोसमी पाऊस एक, म्हणून परसातली झाडंही बरीचशी एकच, हे मात्र आपण मुलांना सांगत नाही. भात, माड, केळ, आंबा, फणस हे तर आहेतच. आपण गवती चहा फक्त चहाच्या आधणात टाकतो. तिकडे त्याचा पांढरा बुडखा ठेचून आमटी-कालवणात घालतात. वैद्यांकडचं कोळंजन तिथे रोजच्या वाटणात पडतं. मलेशियात माशाच्या कालवणाला आंबटपणा यावा म्हणून ज्या फळाच्या वाळवलेल्या चकत्या घालतात, ते फळ आपल्या कोकमाच्याच कुळातलं. आणि सुकवलेला जवळा ज्यांच्या घरी आहे, त्यांना तिथल्या कोळंबीच्या वाटणाचा वास मुळीच परका वाटायचा नाही!

आता नारळाच्या रसाची गंमत पाहा. आपल्याकडे दाट रस कालवणात सगळ्यात शेवटी घालतात, आणि सासूबाई बजावतात, "फार उकळू नको गं, फुटेल." थायलंडात नेमकं उलट. दाट रस आधी कढईत घालायचा आणि तो फुटेपर्यंत, म्हणजे त्याचं तेल वेगळं सुटेपर्यंत आटवायचा. मग त्या तेलात मिरची, गवती चहा, लसूण यांचं वाटण परतायचं. फोडणीला दुसरं तेल लागत नाही. सुमात्रा बेटाच्या पश्चिम भागात मिनांगकाबाऊ लोक आहेत, ते याच्याही पुढे जातात. त्यांच्या रेंडांगमध्ये मांस नारळाच्या रसात तासन् तास शिजवतात; रस आटतो, तेल सुटतं, आणि अखेरीस मांस त्याच तेलात काळपट होईतो परतलं जातं. असं केलेलं मांस बरेच दिवस टिकतं. आपल्याकडे जी चूक म्हणून मोजतात तिच्यावरच तिथे सारा स्वयंपाक उभा आहे. मला हे पहिल्यांदा कळलं, तेव्हा रात्री झोप आली नाही म्हटलं तरी चालेल.

पण माझा खरा जीव गोडात. थायलंडात आंब्याच्या दिवसांत भात आणि आंबा एकत्र खातात. हा भात चिकट जातीचा. साध्या तांदळाच्या पिठूळ भागात अमायलोज आणि अमायलोपेक्टिन अशी दोन द्रव्यं असतात. चिकट तांदळात पहिलं जवळजवळ नसतंच, म्हणून शितं एकमेकांना धरून बसतात. हा तांदूळ रात्रभर भिजवून वाफेवर शिजवतात, पाण्यात नव्हे. गरम असतानाच त्यावर साखर-मीठ घातलेला नारळाचा रस ओततात आणि झाकून ठेवतात. भात तो सारा रस पिऊन टाकतो. मीठ चांगलं जाणवेल इतकं हवं, बरं का. आपण मोदकाच्या उकडीत चिमूटभर घालतो, तिथे त्याला गोडाच्या बरोबरीचा मान आहे.

तिकडे साखरेपेक्षा माडाचा गूळ प्यारा. माडाच्या न उमललेल्या पोयीला बांधून, हलके ठोकून, तिचं टोक रोज थोडं कापतात. ठिबकणारा गोड रस आंबण्याच्या आत आटवतात आणि बांबूच्या नळकांड्यांत ओततात. मलेशियात या गुळाला गुला मलाका म्हणतात. मात्र यासाठी माणसाला रोज माडावर चढावं लागतं. आपल्याकडे नारळ पाडायलासुद्धा माणूस मिळेनासा झाला आहे, तिथे नीरेची आणि गुळाची गोष्ट कोण काढणार? नारळ नगावर विकून आपण मोकळे होतो. पुढची सारी कमाई दुसऱ्याची.

आपल्या गोव्याशीही यातल्या गोडाचं नातं आहे. थायलंडात अंड्याच्या बलकाचे सोनेरी धागे पाकात सोडून एक मिठाई करतात. ती पोर्तुगीजांची देणगी. सतराव्या शतकात अयुथया या राजधानीत मारिया गुयोमार नावाची बाई होती; तिच्या अंगात जपानी आणि पोर्तुगीज रक्त होतं. नवऱ्याला १६८८ साली देहदंड झाला, तिची रवानगी गुलामीत झाली, आणि पुढे राजाच्याच मुदपाकखान्यात ती नावारूपाला आली. या मिठाया थाई लोक तिच्याच नावावर जमा करतात. गोव्याची बेबिंक एकेक थर वरच्या विस्तवावर भाजून होते. ब्रह्मदेशात रवा आणि नारळाचा रस यांची वडीही खालीवर निखारे ठेवून भाजतात.

लोक मला विचारतात, "आचारी व्हायला कॉलेज कशाला गं?" विचारणाऱ्यांत माझे सख्खे काकाही आहेत. त्यांना मी सिंगापूरचं उदाहरण देते. तिथल्या सरकारने रस्त्यावरच्या खाद्यविक्रेत्यांना पाणी आणि सांडपाण्याची सोय असलेल्या जागा बांधून दिल्या, आणि २०२० साली युनेस्कोने या विक्रेत्यांच्या परंपरेची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. काका अजून हो म्हणालेले नाहीत.

आता करून पाहण्याजोगा एक पदार्थ सांगते. जावा बेटावर याला क्लेपोन म्हणतात. भट्टी नको, लोणी नको. याला लागतं पांदानचं पान. हे केवड्याच्या जातीचं झुडूप. आपल्याकडे काही ठिकाणी 'अन्नपूर्णेचं पान' म्हणून ओळखतात. आंबेमोहोर आणि बासमतीला ज्या द्रव्यामुळे वास येतो, तेच द्रव्य या पानात असतं. बी मिळत नाही, बुंध्याचा फुटवा ओलसर सावलीत लावायचा. चार-पाच पानं वाटून हिरवा रस गाळून घ्या. चिकट तांदळाचं पीठ दोन वाट्या. आसामचा बोरा तांदूळ याच जातीचा. त्यात हा रस आणि कोमट पाणी मिळून पाऊण ते एक वाटी, बेताबेताने घालून मऊ मळा. सुपारीपेक्षा थोडी मोठी गोळी करून आत गुळाचा खडा भरा आणि तोंड नीट मिटवा. फट राहिली तर गूळ पाण्यात जाईल. उकळत्या पाण्यात सोडा. गोळी वर तरंगली की आणखी मिनिटभर थांबून काढा, आणि चिमूटभर मीठ लावलेल्या ओल्या खोबऱ्यात घोळवा. चिकट पीठ न मिळालं, तर नेहमीची मोदकाची उकड चालेल. मात्र ती पाण्यात न सोडता वाफवा. खाताना गोळी अख्खी तोंडात टाका आणि ओठ मिटून मगच चावा. आतला गूळ पातळ झालेला असतो. अर्धी तोडायला गेलात तर समोरच्याच्या सदऱ्यावर जाईल.