रिकामा हात
(रौप्यमहोत्सवाच्या सभेंतील भाषण)



पावसाळा लागला म्हणजे आपल्या उत्तनच्या किनाऱ्यावर होड्या शाकारल्या जातात व खलाशी घरीं बसतो. त्यास कोणी आळशी म्हणतो काय? नाहीं. परंतु कारखाना बंद पडून कोणी घरीं बसला, तर "याच्यांतच कांहीं खोट असेल" असें म्हणून आपण त्यास दारावरूनच परत पाठवितों.

१८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत होते. हजारोंस गिरण्यांनीं पुन्हां कधींच कामावर घेतलें नाहीं. त्यांचें काम गेलें होतें, हातांतील कसब गेलें नव्हतें.

प्रभूच्या दृष्टांतांतील द्राक्षमळ्याच्या धन्यास दिवस कलतां कलतां बाजारांत रिकामीं माणसें दिसलीं. त्यानें प्रथम कारण विचारलें. कोणीं कामास लावलें नाहीं, हें त्यांचें उत्तर खरें मानलें व त्यांस मळ्यांत पाठविलें. पोप दुसरे जॉन पॉल यांनींहि १९८१ सालच्या आपल्या परिपत्रकांत बेकारीस अरिष्ट म्हटलें आहे.

म्हणून ज्यांचें दुकान, कचेरी वा कारखाना आहे त्यांस माझी विनंती आहे कीं, उमेदवार किती महिने रिकामा होता हें मोजण्यापूर्वीं त्यास काय येतें तें पाहावें. आठ दिवस काम देऊन पारखावें. आणि आपण शेजाऱ्यांनीं मिस्सेनंतर देवळाच्या दारांत "अजून घरींच काय?" असें विचारण्याऐवजीं एखाद्या जागेची बातमी त्यास सांगावी.

परमेश्वर आपणां सर्वांचें कल्याण करो.