बांधावरचं बटण

सिंदखेडराजा तालुक्यातल्या दुसरबीडचा शेतकरी आता सोयाबीनची नोंद मोबाइलवर स्वतःच करू शकतो. त्यासाठीचं ई-पीक पाहणी ॲप 15 ऑगस्ट 2021 पासून महाराष्ट्रभर सुरू झालं. त्याआधी सातबाऱ्यावर पीक तलाठी चढवायचे. आता खातं, गट नंबर, पीक, क्षेत्र निवडायचं आणि वावरात उभं राहून फोटो काढायचा. बोट चुकलं तर? 2022 च्या सुधारित ॲपमध्ये नोंद 48 तासांत एकदा दुरुस्त करता येऊ लागली. मला हीच सोय सगळ्यात मोलाची वाटते. माणूस चुकणार, हे आखणाऱ्यानं आधीच धरलंय. पण भर उन्हात स्क्रीन दिसत नाही, चिखलाच्या बोटाला बारीक बटण सापडत नाही. निंबाच्या सावलीला जावं, तर फोटोत सोयाबीन कुठून येणार!