प्राथमिक शाळेतील इंग्रजी : गुण किती आणि गुण कशाचे?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्राथमिक शाळेत इंग्रजी कसे शिकवावे यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. ते मुलाला आले की नाही हे कसे तपासावे, यावर मात्र फार थोडे बोलले जाते. मला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण परीक्षेत जे विचारले जाते तेच वर्गात शिकवले जाते आणि घरीही त्याचीच घोकंपट्टी होते. दहावीला इंग्रजीच्या पेपरात अडलेल्या मुलाची पुढची वाट अवघड होते. मुलीचे तर अनेक घरांत शिक्षणच थांबते. त्या अपयशाचे मूळ पुष्कळदा पहिली ते चौथीत असते, आणि तेव्हा प्रगतिपुस्तकावर गुण चांगले असल्यामुळे ते कोणाच्या ध्यानात येत नाही.

महाराष्ट्रात मराठी व उर्दू माध्यमाच्या शाळांत इंग्रजी बरीच वर्षे पाचवीपासून सुरू होत असे. जून २००० पासून ते पहिलीपासून आले. पाचवीतील मुलाला आपली भाषा लिहिता-वाचता येत असे. आज सहा वर्षांचे मूल आपली अक्षरे ओळखण्यापूर्वीच परक्या अक्षरांपुढे बसते. म्हणून पाचवीची जुनी पद्धत, म्हणजे आधी मुळाक्षरे, मग स्पेलिंग, मग भाषांतर, ही पहिलीला लावून चालणार नाही.

त्यातही आपल्या उर्दू माध्यमाच्या मुलाचा विचार करा. घरी तो कोकणी किंवा दखनी बोलतो, शाळेत उर्दू शिकतो, बाजारात मराठी ऐकतो, मक्तबात अरबी वाचतो. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहायची, इंग्रजी डावीकडून उजवीकडे. उर्दूत जेर, जबर, पेश बहुधा लिहीत नाहीत. इंग्रजीत स्वराचे अक्षर गाळले की शब्दच बिघडतो. असे मूल 'इस्कूल' म्हणाले किंवा स्पेलिंगमधला स्वर विसरले, तर ते मंद ठरत नाही. त्याच्या भाषेची सवय तिथे आडवी येते. तीच भाषा दुसरीकडे मदतही करते. जीम आणि झे यांतला फरक त्याला ठाऊक असल्याने इंग्रजीतील जे आणि झेड त्याला नवे नाहीत. शिक्षकाने या दोन्ही गोष्टी ओळखल्या पाहिजेत.

लहान मूल कोणतीही भाषा आधी ऐकते आणि समजते, मग बोलते. म्हणून पहिले काही महिने कान तयार करावेत. 'स्टँड अप', 'ओपन द डोअर' असे म्हणावे आणि मुलांनी ते करून दाखवावे. अमेरिकेतील जेम्स ॲशर यांनी ही हुकूम-आणि-कृतीची पद्धत मांडली; तिला खर्च काही नाही. आपल्याच देशात एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि मद्रासकडील शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना नकाशे, रेल्वेची वेळापत्रके अशी कामे इंग्रजीतून सोडवायला दिली. भाषा वापरता वापरता येते, हा त्यामागचा विचार होता.

आता तपासणीकडे वळू. 'व्हॉट इज युवर नेम?' असे विचारले की मूल धडाधड उत्तर देते आणि आपण खूष होतो. लगेच 'व्हॉट इज युवर ब्रदर्स नेम?' असे विचारून पाहा. मूल पुन्हा स्वतःचेच नाव सांगत असेल, तर त्याला मिळालेले गुण पाठांतराचे आहेत. 'पुट द पेन्सिल इन द बॉक्स', मग 'ऑन द बॉक्स', मग 'अंडर द बॉक्स', एवढ्या तीन वाक्यांत मुलाला ऐकून किती समजते ते कळते. वाचन तपासायचे तर पुस्तकाबाहेरची, पण ओळखीच्या शब्दांची चार वाक्ये द्यावीत. आणि एका प्रश्नात एकच गोष्ट तपासावी. मुलाला उतारा समजला का, हे पाहायचे असेल तर त्याने उर्दूत किंवा मराठीत उत्तर दिले तरी पूर्ण गुण द्यावेत. स्पेलिंगचे गुण तिथे कापू नयेत. स्पेलिंगची परीक्षा निराळी घ्यावी.

ही गोष्ट कायद्याला सोडून नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सांगितले. त्यानुसार महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०१० मध्ये जो निर्णय काढला, त्यात पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापनासाठी ७० टक्के आणि संकलितसाठी ३० टक्के भार ठेवला. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. आकारिकमध्ये दैनंदिन निरीक्षण आणि तोंडी काम यांना मानाचे स्थान दिले. पुष्कळ ठिकाणी त्यातून नोंदवह्या मात्र भरल्या गेल्या. पुढे २०१९ मध्ये केंद्राने कायद्यात दुरुस्ती केली आणि राज्याने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. त्या धास्तीने पहिलीपासूनच घोकंपट्टी सुरू झाली, तर नुकसान आपल्याच मुलांचे होईल.

शिक्षक म्हणतील, पन्नास मुलांचे तोंडी काम ऐकायचे कधी? याचा नमुना आपल्या मोहल्ल्यातच आहे. मक्तबात उस्ताद प्रत्येक मुलाचा सबक स्वतंत्र ऐकतात आणि तो पक्का झाल्याशिवाय पुढचा देत नाहीत. इंग्रजीच्या तासाला रोज पाच मुले नीट ऐकली, तर दहा दिवसांत पन्नासांचा वर्ग ऐकून होतो. इंग्रजीत मात्र नुसते म्हणून दाखवणे पुरेसे धरू नये, अर्थही विचारावा.

पालकांना दोन शब्द. इंग्रजी येण्यासाठी घरची भाषा सोडण्याची गरज नाही. कॅनडातील जिम कमिन्स यांनी १९७९ पासून मांडले की, पहिल्या भाषेत कमावलेली वाचनाची व विचाराची शक्ती दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते. परदेशातून आलेल्या मुलांना चोहोबाजूंनी इंग्रजी असूनही बोलण्यापुरती भाषा यायला सुमारे दोन वर्षे लागतात आणि अभ्यासाची भाषा यायला पाच किंवा अधिक. आपल्या मुलाला दिवसाला एक तासिका मिळते. थोडा धीर धरला पाहिजे.

ज्या मातांना इंग्रजी येत नाही, त्यांनीही हात टेकू नयेत. रोज दहा मिनिटे मुलाला मोठ्याने वाचायला लावा आणि आपल्या भाषेत विचारा, "यात काय झालं, मला सांग." त्याने गोष्ट सांगितली तर त्याला धडा समजला. अडखळला तर दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन बाईंना विचारा. किती मार्क मिळाले, एवढेच विचारून परत फिरू नका. माझ्या मुलाला इंग्रजीत काय ऐकून समजते, काय बोलता येते, न पाहिलेले काय वाचता येते, हे विचारा. तो तुमचा हक्क आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, चुकीचे का होईना, बोला. कोणी हसले तर हसू द्या. बोललात तरच चूक कुठे होते ते शिक्षकांना कळेल.