ठक्कर बाप्पांचे सेवाव्रत
(सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळाच्या सभागृहात दिलेले भाषण)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात मराठी समाजसेवकाचे स्मरण व्हावे, अशी आपली अपेक्षा असेल. आम्ही मात्र आज भावनगरच्या एका गुजराती गृहस्थांचे नाव घेणार आहोत. ते म्हणजे अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर, अर्थात ठक्कर बाप्पा.

बाप्पांचा जन्म २९ नोव्हेंबर १८६९ चा. पुण्यास शिकून १८९० मध्ये ते एल. सी. ई. झाले. पोरबंदर, युगांडा, सांगली संस्थान व अखेर मुंबई महापालिका अशी त्यांची चाकरी झाली. मुंबईत सफाई कामगारांच्या वस्त्या आणि त्यांच्या मानेवरील सावकारी कर्जाचे जोखड त्यांनी जवळून पाहिले. ते पाहून स्वस्थ बसणे त्यांना जमले नाही. १९१४ मध्ये, वयाची चव्वेचाळीस वर्षे उलटल्यावर, त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि नामदार गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापलेल्या भारत सेवक समाजाची दीक्षा घेतली.

आपणांपैकी पुष्कळजण सरकारी चाकरीत आहोत. त्या वयात आपण निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडू लागतो. बाप्पांनी त्या वयात दुसऱ्या आयुष्यास आरंभ केला. १९२२ मध्ये पंचमहालातील दुष्काळानंतर त्यांनी दाहोद येथे भील सेवा मंडळ उभारले. १९३२ मध्ये हरिजन सेवक संघाचे सरचिटणीसपद स्वीकारून ते दिल्लीस आले. संविधान सभेत आदिवासी क्षेत्रांविषयीच्या उपसमितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. १९४८ मध्ये भारतीय आदिमजाती सेवक संघ स्थापन झाला, त्यामागेही त्यांचेच श्रम होते. जानेवारी १९५१ मध्ये भावनगरास त्यांचे देहावसान झाले. सदतीस वर्षांचे हे व्रत होय!

बाप्पा वक्ते म्हणून गाजले नाहीत. अखंड प्रवास, नियमित दैनंदिनी, पै-पैचा चोख हिशेब हीच त्यांची साधने. मंडळाच्या सतरंज्या घालणाऱ्या आणि वर्गणीच्या पावत्या फाडणाऱ्या कार्यकर्त्यांना त्यांचे मोठेपण आम्हांपेक्षा अधिक कळेल.

परंतु आमच्या मनाला एक प्रश्न टोचतो. पुण्याच्या संस्थेने एका गुजराती अभियंत्याला आपला मानले आणि त्याने भील, सफाई कामगार, सर्वांनाच आपले मानले. पन्नास वर्षे आपण गणेशोत्सव, नाट्यप्रयोग व वाचनालय निष्ठेने चालविले. या परक्या नगरीत मराठी भाषा जतन केली. ते आवश्यकच होते. तथापि आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बायांची मुले याच वास्तूच्या फाटकावरून रोज जातात, त्यांतील किती आत आली?

म्हणून आमची नम्र सूचना अशी की, आठवड्यातून दोन सायंकाळी हे सभागृह अशा मुलांच्या अभ्यासासाठी उघडावे आणि त्यांची मातृभाषा कोणती, हे दारात विचारू नये. दिवाबत्तीचा खर्च थोडका आहे. शिकविण्यास निवृत्त मंडळी पुरेशी आहेत. बाप्पांचे छायाचित्र भिंतीवर लावण्यापूर्वी एवढे व्हावे.

जय हिंद!