पायांशी आलेली हाक
(वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



ईश्वराची हाक ऐकण्यासाठी हिमालय गाठावा लागतो, असा एक समज आहे. आपल्या वऱ्हाडाला तो बाळगण्याचे कारण नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले आणि मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामांच्या घरी गुरे राखीत वाढलेले डेबूजी, म्हणजेच आपले गाडगेबाबा, यांनी १९०५ साली घर सोडले. परंतु त्यांचे तीर्थ जवळच, पूर्णाकाठच्या ऋणमोचनास होते. ऋणातून सुटका व्हावी म्हणून यात्रेकरू तेथे स्नानास येत आणि काठच्या चिखलात हाल सोशीत. स्नान उरकून गाडी जुंपण्याची घाई सर्वांनाच असे. बाबा तेथे थांबले, कामाला लागले. पुढे तेथे घाट उभा राहिला.

कोणत्याही गावी गेले की ते प्रथम रस्ता झाडीत, कीर्तन रात्री. खराट्याकडे आपण केवळ स्वच्छतेचे चिन्ह म्हणून पाहतो. मला मात्र त्यात आणखी काही दिसते. झाडणाऱ्या माणसाला घाईने चालताच येत नाही. प्रत्येक पावलाखालची जमीन त्याला पाहावी लागते, कोणाचे अंगण आहे, कोण उंबऱ्यावर बसले आहे, हेही दिसत जाते. रात्रीच्या कीर्तनात बाबा श्रोत्यांना जे प्रश्न विचारीत, त्यांतील कितीतरी त्यांना दिवसा त्या रस्त्यावरच सापडले असतील.

पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळही रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. रुग्णाला खाट मिळते. त्याच्या आईने रात्री कोठे पाठ टेकावी, हे पाहण्यास कोणी तरी थांबावे लागते.

आपल्या रुग्णालयातही हे घडते. दर्यापूर, अकोट, धारणीकडून आलेला एखादा गृहस्थ व्हरांड्यात औषधाची चिठ्ठी उलगडतो, वाचतो, घडी घालून खिशात ठेवतो आणि थोड्या वेळाने पुन्हा उलगडतो. तो काही मागत नाही. आपला शेतकरी दुखणे सांगेल, पैशांची अडचण सांगणार नाही. औषधाला उशीर होतो तो अशा वेळी, आणि तो उशीर कोणत्याही यंत्रावर दिसत नाही. देणगीदारांनी यंत्रे दिली. त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु त्या चिठ्ठीपाशी थांबणारा माणूस विकत आणता येत नाही.

म्हणून विश्वस्तांना आणि देणगीदारांना माझी नम्र विनंती आहे. पुढील सभेस अर्धा तास आधी यावे. वाहन फाटकाशीच सोडून व्हरांड्यातून पायी यावे. तेथे बाके आहेत. त्यांवर घटकाभर बसावे आणि शेजारच्याला, आपण कोणत्या गावचे, एवढे विचारावे.