गिटार घेतली, पण सांगायचे राहिले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कोणत्या दुकानातली डाळ शिजता शिजत नाही, कोणत्या साडीचा रंग पहिल्याच धुण्यात जातो, हे आपण एकमेकींना न विचारताही सांगतो. पण घरबसल्या मोबाईलवरून वस्तू मागवू लागल्यापासून ही आपली चांगली सवय सुटत चालली आहे. त्याविषयी माझाच एक फजितीचा अनुभव सांगते.

माझ्या बारा वर्षांच्या नातीने गिटारचा हट्ट धरला. आमच्या घरात पेटी आणि तबला, गिटारचे ज्ञान शून्य! मी ऑनलाइन शोधून, पुष्कळ तारका मिळालेली एक गिटार मागवली. खाली ग्राहकांचे अभिप्राय होते. ‘छान आहे’, ‘वेळेवर आली’, ‘रंग सुरेख’. तेवढ्यावर माझे समाधान झाले. एका गृहस्थांनी मात्र तीनच तारका देऊन लांबलचक मजकूर लिहिला होता. नाराज माणूस दिसतो, असे म्हणून मी तो वाचलाच नाही.

गिटार आली. दोन आठवड्यांत पोरीच्या बोटांना फोड आले. महिन्याभरात तिने ती कपाटावर ठेवली आणि म्हणाली, “आजी, माझी बोटं वाजवायची नाहीतच.” मीही तिला धरसोडीची म्हणून बोलले. त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते.

पुढे एका शिक्षकांनी ती गिटार पाहिली. सतारीला जसे पडदे, तसे गिटारच्या दांडीवर धातूचे फ्रेट असतात. बाराव्या फ्रेटपाशी तार साधारण दोन-अडीच मिलिमीटर उंच असावी. आमची चार मिलिमीटरच्याही वर होती. इतक्या उंच पोलादी तारा दाबायला मोठ्या माणसालाही जोर लागतो. शिक्षकांनी घोडीवरची पट्टी काढून घासली, दांडीतला लोखंडी गज किंचित आवळला, आणि तार खाली आली. नवशिक्याला नायलॉनच्या तारांची गिटार बोटांना मऊ पडते, मात्र तिची दांडी रुंद असते, हेही त्यांनीच सांगितले. दोष पोरीच्या बोटांत नव्हताच!

घरी येऊन मी तो तीन तारकांचा अभिप्राय उघडला. त्यात लिहिले होते: ‘आवाज चांगला, पण तारा फार उंच. मुलासाठी घेत असाल तर आधी जाणकाराकडून बसवून घ्या.’ त्या अनोळखी गृहस्थांनी मला सावध केले होते. मी ऐकले नव्हते, इतकेच.

तेव्हा ते ऋण फेडायचे म्हणून मी स्वतः लिहिले. गिटार कुणासाठी घेतली, किती दिवस वापरली, तार किती उंच होती, काय दुरुस्त करावे लागले, सारे लिहिले. आवाज गोड आहे, हेही लिहिले. पावसाळ्यानंतर पुन्हा भर घातली. लाकूड हवेतले पाणी पिते. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते आणि आपल्याकडे आषाढ-श्रावणात ती ८० च्या वर जाते. लाकूड फुगले की तार पुन्हा उचलते. खोका उघडल्याच्या दिवशी लिहिणाऱ्याला हे कसे कळावे?

सगळेच अभिप्राय प्रामाणिक नसतात, हे खरे. पैसे देऊनही स्तुती लिहवून घेतात. म्हणूनच भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली अशा अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००:२०२२’ हे मानक काढले. विकत घेतलेले किंवा विक्रेत्याने त्यासाठी नेमलेल्या माणसांनी लिहिलेले अभिप्राय त्यात अमान्य ठरवले आहेत. पण नियम खोट्याला आवर घालील. खरे लिहायचे काम आपलेच. आपण गप्प बसलो तर मैदान भाडोत्री स्तुतीला मोकळे!

म्हणून भगिनींनो, धान्य सुपात पाखडावे तसे अभिप्राय पाखडून घ्या. नुसत्या तारका मोजू नका. मधल्या तारकांचे, तपशीलवार लिहिलेले आधी वाचा. आणि स्वतः लिहिताना रागाने लिहू नका, भिडेनेही लिहू नका. खोका उशिरा आला, हा गिटारचा दोष नव्हे. वस्तू कशी आहे, कुणाला उपयोगी पडेल, कुणाला पडणार नाही, एवढे सांगितले की पुरे.

माझी नात आता रोज संध्याकाळी वाजवते. तारा अजून कधी कधी बेसूर बोलतात, पण कपाटावरची गिटार खाली आली आहे. मी लिहिलेल्या चार ओळींनी दुसऱ्या एखाद्या घरातली गिटार कपाटावर जायची वाचली असेल, तर माझी फजिती सत्कारणी लागली असे मी समजेन.